बुरशीचे जैवपटल आणि औषधरोध : लखनौ ते पिंपरी, एक इतिहास

एका रुग्णापासून सुरुवात करू. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी सापडते. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार औषध तिच्यावर परिणामकारक आहे. औषध सुरू होते, ताप उतरतो आणि काही दिवसांनी परत येतो. अहवाल खोटा नव्हता. मग चुकले काय? याचे उत्तर समजण्यासाठी बुरशीविरोधी औषधांचा इतिहास पाहावा लागेल.

औषधांचा काळ

17 फेब्रुवारी 1951 रोजी लखनौमध्ये गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. नव्या देशाला स्वतःची औषधे हवी होती. 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधले व 1961 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते देणाऱ्या जिवाणूच्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या नावात आजही पिंपरी आहे.

हॅमायसिन हे पॉलिन गटातले. याच गटात 1950 चे निस्टॅटिन आणि त्यानंतर काही वर्षांतच मिळालेले अॅम्फोटेरिसिन बी येते. ही औषधे बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि पेशी गळू लागते. पुढे फ्लुकोनॅझोलसारखी अॅझोल औषधे आली. ती अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

मात्र या सर्व औषधांची ताकद मोजली गेली ती द्रव माध्यमात सुट्या तरंगणाऱ्या पेशींवर. आपल्या रुग्णाच्या अहवालाचे मूळ येथे आहे.

ग्लासगोचा प्रयोग

1994 मध्ये ग्लासगो विद्यापीठात हॉसर आणि डग्लस यांनी कॅथेटरच्या पदार्थाच्या छोट्या चकत्यांवर कॅन्डिडा वाढवली. पेशी चकतीला चिकटल्या, त्यांचा थर झाला आणि त्यांनी स्वतःभोवती चिकट आवरण तयार केले. यालाच जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांनी पाच औषधे तपासली. जैवपटलाची क्रिया निम्म्यावर आणण्यासाठी लागणारी मात्रा, नेहमीच्या चाचणीत वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेच्या 30 ते 2000 पट निघाली.

असे का होते? कारणे एकापेक्षा जास्त आहेत, ती नीट लक्षात ठेवा.

1. आवरणातील ग्लुकन हे शर्करायुक्त द्रव्य फ्लुकोनॅझोलला वाटेतच धरून ठेवते.
2. जैवपटल कोवळे असताना पेशीतील पंप औषध बाहेर फेकतात.
3. पटल जुने झाले की पेशीपटलातील स्टेरॉलचे प्रमाण बदलते.
4. काही थोड्या पेशी सुप्तावस्थेत जातात. मोठ्या मात्रेतही त्या तगतात आणि औषध थांबले की पुन्हा वाढतात.

यातील चौथा मुद्दा हा नेहमीच्या अर्थाने औषधरोध नाही. त्या पेशींत जनुकीय बदल झालेला नसतो. म्हणून त्या सुट्या करून तपासल्या, तर अहवाल पुन्हा ‘औषध लागू’ असाच येतो.

मुंबईचे उत्तर, दिल्लीचा इशारा

अॅम्फोटेरिसिन बी मूत्रपिंडाला घातक ठरते, म्हणून ते मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरण्याची कल्पना पुढे आली. भारतात बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील नीलिमा क्षीरसागर यांनी असे देशी औषध रुग्णापर्यंत पोहोचवले. हेतू विषारीपणा कमी करण्याचा होता. 2002 मध्ये परदेशातील प्रयोगांत मात्र असे दिसले की, अॅम्फोटेरिसिनची मेदयुक्त रूपे आणि एकायनोकॅन्डिन हा नवा गट कॅन्डिडाच्या जैवपटलावरही काम करतात.

दरम्यान 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून कॅन्डिडा ऑरिस ही नवी जाती नोंदली गेली. 2013 मध्ये दिल्लीतील रुग्णालयांतून फ्लुकोनॅझोलला न जुमानणाऱ्या याच बुरशीचा अहवाल आला. ती त्वचेवर आणि रुग्णालयातील वस्तूंवर टिकून राहते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठापासून महाराष्ट्रातील रुग्णालयांपर्यंत अॅम्फोटेरिसिनसाठी धावपळ झाली. ती बुरशी वेगळी, पण हाताशी औषधे किती मोजकी आहेत हे तेव्हा सर्वांना कळले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 बुरशींची पहिली प्राधान्य यादी काढली. कॅन्डिडा ऑरिस तिच्या सर्वोच्च गटात आहे.

परत रुग्णाकडे

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. रक्तातील सुट्या पेशी औषधाने मेल्या, पण कॅथेटरच्या आतल्या भिंतीवरचे पटल राहिले आणि तेथून नव्या पेशी सुटत राहिल्या. म्हणूनच अशा रुग्णाचा कॅथेटर शक्यतो लवकर काढणे हा उपचाराचाच भाग आहे.

विचार करा : औषधाची चाचणी सुट्या पेशींऐवजी जैवपटलावर घेतली असती, तर गेल्या सत्तर वर्षांत कोणती औषधे मागे पडली असती आणि कोणती पुढे आली असती?