बोगोरचे वनस्पती-उद्यान आणि त्यातील नाहीसे झालेले पक्षी

पश्चिम जावातील बोगोर या शहराच्या मध्यभागी सुमारे ८६ हेक्टर विस्ताराचे वनस्पती-उद्यान आहे. राइनवार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये, डच अमलात, त्याची स्थापना केली. त्याची कीर्ती झाली ती वृक्षसंग्रहामुळे; पक्ष्यांच्या अभ्यासात मात्र ते गाजले ते तेथे घडलेल्या हानीमुळे.

शहरातील एकाकी वनखंडात पक्षी टिकतात काय, याचे उत्तर एकाच वेळच्या पाहणीने मिळत नाही. त्यासाठी जुनी नोंद लागते, आणि बहुधा तीच नसते. बोगोर येथे मात्र १९३२ ते १९५२ या काळात वीण करणाऱ्या ६२ जातींची नोंद झालेली आहे. महायुद्ध, जपानी अंमल आणि डच सत्तेचा शेवट हे सर्व याच वीस वर्षांतले. तेव्हाची पक्ष्यांची नोंद हाती राहिली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

याच कालखंडाच्या पूर्वार्धात भोवतालची वनराई तोडली गेली व उद्यान एकटे पडले. पुढे १९८० ते १९८५ मध्ये पुन्हा पाहणी झाली, आणि डायमंड, बिशप व व्हान बालन यांनी १९८७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६२ पैकी २० जाती नाहीशा झाल्या होत्या, ४ नष्ट होण्याच्या मार्गावर होत्या, आणखी ५ स्पष्टपणे घटल्या होत्या. वस्तुतः उद्यान मोडले नव्हते; त्यातील वृक्षराजी कायम होती.

मॅकार्थर व विल्सन यांनी १९६७ च्या ग्रंथात मांडलेल्या द्वीपसिद्धान्तानुसार लहान बेटावर थोडक्याच जाती तगतात. पण समुद्रातील बेटाभोवती केवळ पाणी असते. वनात राहणाऱ्या पक्ष्याला तेथे थाराच नाही. शहरातील उद्यानाभोवती परसबागा व शेते असतात, आणि काही जातींना तेवढे पुरते. बोगोर येथे नाहीशा झाल्या त्या मुख्यतः दोन प्रकारच्या जाती: ज्यांची उद्यानातील संख्या आरंभीच अल्प होती, आणि ज्या भोवतालच्या मुलखात दुर्मिळ होत्या किंवा मुळीच नव्हत्या. थोडीशी जोडपी एखाद्या वाईट वर्षी सहज संपतात. बाहेर त्याच जातीचे पक्षी असले, तर ते येऊन रिकामी जागा भरतात. नसले, तर ती रिकामीच राहते. म्हणूनच या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच असा प्रश्न घातला, की हे उद्यान म्हणजे बेट, की भोवतालच्या प्रदेशाचा आरसा?