बातमीपत्र रद्दीत टाकण्याआधी

वाचनालयात पुस्तके जपली जातात. पण ते वाचनालय कोणी उभे केले, कोणी चालवले, ही हकीकत कोण जपते? आज आपण त्याबद्दल बोलू. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जाऊ.

१८७६ साली तिथल्या फिलाडेल्फिया शहरात ग्रंथपालांची परिषद भरली आणि ‘अमेरिकन लायब्ररी असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. हजर होते १०३ जण. त्यांत बायका फक्त १३. पुढे ग्रंथालयांत काम करणाऱ्यांत बायकाच जास्त झाल्या. तरी थेरेसा एल्मेंडॉर्फ या पहिल्या महिला अध्यक्ष व्हायला १९११ साल उजाडले.

१९४७ मध्ये याच संघटनेत लुई शोर्स आणि वेन शर्ली यांनी ग्रंथालयांचा इतिहास अभ्यासणारे मंडळ सुरू केले. १९६६ मध्ये शोर्स यांनी या विषयाचे नियतकालिकही काढले. जाडजूड नियतकालिके ग्रंथालये बांधून कपाटात ठेवतात. मंडळांच्या बातमीपत्रांचे तसे नसते. चार पाने, कोपऱ्याला पिन. वाचून झाले की रद्दी.

पण सभा कुठे भरली, कोण बोलले, कोण निवडून आले, कोण वारले, हे त्यातच सापडते. मोठ्या ग्रंथात अध्यक्षाचे नाव येते. पत्रे लिहिणारी, हिशेब ठेवणारी बाई भेटते ती या पानांत. अंक गेले, की तिचे कामही पुसले जाते.

मग अंक जपायचे कसे? आधी यादी करायची: कोणते आहेत, कोणते नाहीत. नसलेल्यांची जुन्या सभासदांच्या घरी चौकशी करायची. गंजक्या पिना काढायच्या, कारण गंज कागद खातो. स्वस्त कागदात आम्ल असते. तो पिवळा पडतो, मग त्याचे तुकडे पडतात. म्हणून ऊन आणि ओल लांब ठेवायची. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, तो दोन ठिकाणी ठेवायचा, पण मूळ अंक टाकायचा नाही.

आणि कागदांना कायमचे घर हवे. त्या अमेरिकन संघटनेचे जुने दप्तर १९७३ पासून इलिनॉय विद्यापीठात आहे. पदाधिकारी बदलले तरी दप्तर हलत नाही.

आपल्या बचत गटाची पहिली इतिवृत्ताची वही आज कोणाच्या घरी आहे? अध्यक्ष बदलल्या की ती कुठे जाते? येत्या बैठकीत हा विषय घेऊ या, आणि यादी पहिल्या वहीपासून करू या.