भांडणाचा कागद

भांडण कुणालाच आवडत नाही. पण इतिहासाचा शोध घेणाऱ्याला विचारा. शेजारी गुण्यागोविंदाने नांदले तर मागे कागद राहत नाही. ते भांडले आणि न्याय मागायला गेले, की कागद होतो.

दख्खनेत अशा कागदाला महजर म्हणत. शब्द अरबी, हजर असलेल्यांच्या साक्षीने केलेला लेख, असा त्याचा अर्थ. आदिलशाही-निजामशाहीच्या काळात पाटीलकी कुणाची, पेठेतले शेटेपण कुणाचे, शीव कुठून जाते, असा कज्जा उठला की मजालस बसे. तीत कसब्याचा काझी असे, देशमुख-देशपांडे असत, पाटील, शेटे-महाजन आणि बलुतेदार असत. बलुतेदारांत मुलाणाही आला. मजकूर मोडीत, काझीचा शिक्का फारसीत. तारीख शुहूर सनाची, म्हणजे आकडे अरबी शब्दांत. साक्षीदार आपापली निशाणी करीत: पाटलाचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू.

आज राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणे. तेव्हा वादी-प्रतिवादी आधीच राजीनामा लिहून देत, की मजालस सांगेल त्याला आम्ही राजी आहोत. निकालानंतर हरणारा जिंकणाऱ्याला येजितखत देई. आपला दावा खोटा ठरला, हे लेखी कबूल करी. सरकार जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. खिसा दोघांचाही हलका होई!

तो काळ फार न्यायाचा होता, असे मी म्हणत नाही. पुरावा नसला तर उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचे दिव्यही करावे लागे. पण निवाड्याला दोन्हीकडची माणसे हजर असत, हे महत्त्वाचे.

हे दूरदेशीही घडले. युरोपातल्या बाल्कन भागात दुब्रोवनिक नावाचे व्यापारी बंदर आहे. शेजारच्या बोस्नियाचा अधिपती कुलीन याने ११८९ साली तिथल्या व्यापाऱ्यांना आपल्या मुलुखात मोकळेपणी व्यापार करू देण्याचे वचन दिले. तो कागद लॅटिनमध्ये आहे आणि बोस्नियाच्या लोकभाषेतही. वचन दोघांना वाचता आले तरच ते दोघांना बांधते.

आपल्या नांदेड-लातूरकडे निजामाच्या राजवटीत दरबारी भाषा आधी फारसी होती, पुढे उर्दू झाली, ती १९४८ पर्यंत. म्हणून इथल्या जुन्या घरांतल्या गाठोड्यांत मोडी, फारसी आणि उर्दू एकत्र नांदताना दिसतात.

आमच्याही घरी असे एक गाठोडे होते. आजोबा त्यातले उर्दू वाचत आणि मोडीसाठी शेजारच्या कुलकर्णी काकांना हाक मारत. त्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा एक कागद होता. भांडण आमच्या आणि काकांच्याच पूर्वजांचे! दोघे म्हातारे तो वाचून पोटभर हसत. ते दोघे गेले. एका ईदच्या साफसफाईत आम्हीच ते गाठोडे रद्दीत घातले. आज मी मराठीत कविता लिहितो, पण तो मराठी कागद समोर आला असता तरी मला वाचता आला नसता.

२०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. गरज पडली की जाणकार आठवतो.

तुमच्या माळ्यावर असे गाठोडे असेल, तर रद्दीवाल्याच्या आधी ते जाणकाराला दाखवा. आत कदाचित भांडणच निघेल. निघू द्या. ज्यांना उद्याही शेजारीच राहायचे होते, त्यांनीच ते लिहून ठेवले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)