सावित्रीच्या कांठची वाट

सुटींत चार स्नेही एकत्र जमावे, मोटारींत तंबू, शिधा व अंथरुणें भरावीं, महाबळेश्वरीं एक मुक्काम करावा आणि मग आंबेनळीच्या घाटानें खालीं उतरून पोलादपूर, महाड करीत समुद्रकांठीं जाऊन राहावें, असा बेत आज शहरांतील पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. सकाळीं डोंगरमाथ्यावरचें धुकें आणि त्याच सायंकाळीं हरिहरेश्वराचा समुद्र, असा योग मोटारीमुळें एका दिवसांत साधतो. परंतु ही वाट आजची नव्हे आणि तिच्यावर तंबू ठोकून राहण्याची चालहि आजची नव्हे. राजे, सरदार, व्यापारी, गव्हर्नर आणि दुखणाईत सोजीर अशा नाना प्रकारच्या लोकांनीं या वाटेवर आपले डेरे उभारले. त्या सर्वांचा वृत्तांत पाहिला म्हणजे एक गोष्ट ठळकपणें ध्यानांत येते. या वाटेवर सत्ता अनेकांनीं गाजविली, पण तिच्यावरून केव्हां जावें आणि केव्हां जाऊं नये, हें मात्र नेहमीं पावसानेंच ठरविलें.

प्रथम भूमीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. महाबळेश्वरचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच आहे. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पांच नद्यांचीं उगमस्थानें मानलीं जातात. त्यांपैकीं कृष्णा, वेण्णा व कोयना यांचें पाणी अखेर पूर्वेच्या समुद्रास मिळतें. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोंकणांत जाते, आणि पोलादपूर, महाड व दासगांव यांवरून वाहत बाणकोटाजवळ अरबी समुद्रास मिळते. म्हणजे डोंगरावरून सागराकडे जाण्याचा मार्ग पाण्यानें आधींच दाखवून दिला होता. माणसाला मात्र तो कडा सरळ उतरणें शक्य नसल्यामुळें त्यानें थोडी वांकडी वाट धरली. पठारावरून रडतोंडीच्या घाटानें कोयनेच्या खोऱ्यांतील पार गांवीं उतरावें, तेथून प्रतापगडाच्या पायथ्याची खिंड ओलांडून पारघाटानें कोंकणांत यावें आणि पोलादपुराशीं सावित्रीची गांठ घ्यावी, अशी ती जुनी वाट होती. रडतोंडी हें नांवच त्या चढणीचें वर्णन पुरेसें करतें. पुढें आलेल्या इंग्रजांच्या जिभेला तें पेललें नाहीं, म्हणून त्यांच्या लिहिण्यांत त्याचा 'रोटंडा' झाला.

या वाटेनें शतकानुशतकें बैलांचे तांडे चालत. कोंकणांतील मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर वाईच्या बाजारीं जाई, आणि देशावरचें धान्य व गूळ खालीं महाडास येई. ज्याच्या हातीं ही वाट त्याच्या हातीं जकात, आणि ज्याच्या हातीं जकात त्याच्या हातीं खोरें, असा तो हिशेब होता. म्हणूनच १६५६ सालीं शिवाजी महाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांपासून जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकरवीं पारघाटाच्या तोंडावर प्रतापगड बांधविला. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफजलखान वाईहून निघून रडतोंडीच्या घाटानें उतरला आणि पार येथें त्यानें आपली छावणी दिली. हत्ती, तोफा, डेरे व बाजारबुणगे यांसह एवढें सैन्य त्या अरुंद घाटांतून उतरविणें किती कष्टाचें झालें असेल, याची कल्पना आज ती वाट पायीं उतरणारास सहज करतां येते. दहा नोव्हेंबर रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जें घडलें तें महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या विजयांत मनुष्याच्या शौर्याइतकाच वाटेचाहि वांटा होता. जी वाट चढतांना रडविते, ती माघारी पळणारास तर मुळींच साथ देत नाहीं. पार येथें कोयनेवर असलेला शिवकालीन दगडी पूल अद्याप उभा आहे.

पुढें १७९६ सालीं पुण्याच्या राजकारणांत नाना फडणविसांवर संकट आलें, तेव्हां तेहि वाईहून याच बाजूनें कोंकणांत उतरले. त्यांनीं घाट रोखले, प्रतापगडावर शिबंदी वाढविली आणि महाडास राहून पुन्हां कारभार हातीं घेण्याची जुळवाजुळव केली. सह्याद्रीची भिंत पाठीशीं आणि सावित्रीची खाडी पुढें, यापेक्षां सुरक्षित जागा त्यांना कोणती मिळणार होती?

महाबळेश्वरच्या पठारावर हवा खाण्यासाठीं तंबू ठोकण्याची कल्पना मात्र इंग्रजांची. १८२४ सालीं साताऱ्याच्या फौजेवरील लॉडविक नांवाचा अधिकारी थंड जागेच्या शोधांत या डोंगरावर चढून आला. त्याच्या मागून साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज आले. त्यांनीं १८२६ सालीं येथें एक लहानसें घर बांधलें आणि साताऱ्याहून वर येण्यासाठीं गाडीरस्ता करण्याविषयीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांचें मन वळविलें. तो रस्ता महाराजांनीं स्वतःच्या खर्चानें करवून दिला. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं दुखणाईत गोऱ्या शिपायांसाठीं येथें एक रुग्णालय प्रयोगादाखल सुरू केलें, आणि १८२९ च्या करारानें हा डोंगर इंग्रजांकडे गेला. त्याच्या मोबदल्यांत महाराजांस वाई प्रांतांतील खंडाळा हें गांव मिळालें. नव्या वसाहतीस माल्कमपेठ असें नांव पडलें. ज्या महाराजांनीं रस्ता दिला व डोंगर दिला, त्यांनाच दहा वर्षांनंतर, १८३९ सालीं, गादीवरून दूर करून काशीस पाठविण्यांत आलें आणि तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. महाबळेश्वरच्या टोकांना लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड अशीं नांवें मिळालीं. गाडीरस्त्याचा खर्च सोसणाऱ्या राजाचें नांव मात्र त्या मालिकेंत शोधूनहि सांपडत नाहीं.

त्या काळीं मुंबईहून महाबळेश्वरास येण्याचा एक सोयीचा मार्ग समुद्रांतून होता. पुण्याकडून यावयाचें तर वाटेंत बोरघाट होता, आणि त्या घाटांत गाडीचा चांगला रस्ता १८३० सालीं, माल्कम यांच्याच कारकीर्दींत, पुरा झाला. त्यामुळें पुष्कळ लोक मुंबईस गलबतांत बसत आणि किनाऱ्याकिनाऱ्यानें बाणकोटास येत. बाणकोटचा किल्ला १७५६ च्या तहानें पेशव्यांकडून इंग्रजांस मिळाला होता व त्यांनीं त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें होतें. बाणकोटच्या मुखाशीं वाळूचा दांडा आहे. वारा उलटा असतां तेथें लाटा फुटतात आणि तांडेलाची कसोटी लागते. एकदां आंत शिरलें कीं भरतीच्या पाण्यावर गलबत निवांतपणें दासगांवापर्यंत जाई. त्यापुढें खाडी उथळ असल्यानें लहान होड्या भरती साधून महाडास पोंचत. दोहों बाजूंस नारळींच्या बागा, खाजणें, त्यांमागें भातशेतीचीं खाचरें आणि त्याहिमागें निळी सह्याद्रीची भिंत, असा तो देखावा. महाडास उतरल्यावर मेणे, डोल्या व तट्टें तयार असत. रात्रीं थंड वेळीं मशाली पाजळून भोई चालत, टप्प्याटप्प्यावर नवे भोई जुन्यांच्या खांद्यावरून दांडा घेत, आणि पहांटे रडतोंडीच्या चढणीस सुरुवात होई.

या प्रवासाविषयीं लिहिणाऱ्या साहेब लोकांनीं देखाव्यांचें वर्णन पानेंच्या पानें भरून केलें. वाहणाऱ्यांविषयीं मात्र चार ओळी लिहिल्या तर लिहिल्या. तंबू, कनाती, खुर्च्या, पेट्या आणि कांचेचीं भांडीं हें सारें माणसांच्या डोक्यांवरून व बैलांच्या पाठींवरून वर गेलें. वसाहतींतील रस्त्यांच्या व बागांच्या कामीं तर समुद्रापलीकडून आणलेले बंदिवान राबत होते. मलायाच्या बाजूच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी व मलायी कैदी येथील तुरुंगांत ठेवले जात. बटाटे व विलायती भाज्या पिकविण्यांत त्यांचा हात मोठा होता. १८६४ सालीं तो तुरुंग बंद झाला. येथील एका धबधब्याला चिनी लोकांचें नांव अजून आहे, तेवढीच त्यांची खूण.

बाणकोटच्या त्या वाळूच्या दांड्याशीं एका दुःखाची आठवणहि जोडलेली आहे. सावित्रीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या ज्या कड्याला ऑर्थर सीट म्हणतात, तेथें ऑर्थर मॅलेट या अधिकाऱ्यानें प्रथम घर बांधलें. त्याची पत्नी व तान्हें मूल सावित्रीच्या मुखाशीं होडी उलटून बुडाले आणि तो त्या कड्यावर बसून नदीच्या वाटेकडे पाहत राही, असें सांगतात. कथेंत लोकांनीं भर किती घातली असेल ती असो. जी नदी त्या कड्याखालीं सुतासारखी दिसते, तीच सागराशीं पोंचतांना किती बलवान होते, हें लोकांच्या मनांत ठसलेलें होतें, एवढें तीवरून निश्चित दिसतें.

म्हणूनच या हौशी मुक्कामांना एक कडक शिस्त होती. महाबळेश्वरीं वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरांत मंडळी येत. मार्चपासून खरी गर्दी होई. आणि जूनच्या मध्यापूर्वीं झाडून सारे खालीं उतरत. तंबू गुंडाळले जात, घरांच्या भिंतींना व छपरांना गवताच्या जाड तट्ट्या बांधल्या जात, बाजार ओस पडे आणि डोंगर येथल्या कोळी, धनगर व कुणब्यांच्या स्वाधीन होई. किनाऱ्यावरचीं गलबतेंहि त्याच सुमारास ओढून घेतलीं जात. समुद्र नारळीपौर्णिमेस नारळ घेतल्यावांचून उघडत नसे. डोंगर आणि सागर यांचे दरवाजे असे एकाच वेळीं बंद होत. गव्हर्नराचा हुकूम साऱ्या इलाख्यांत चाले, पण आषाढांत रडतोंडीच्या घाटापुढें तोहि चालत नसे.

पुढें रस्त्यांचें दैव फिरलें. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली आणि मुंबई-पुणें हा प्रवास सुलभ झाला. पुण्याहून टांग्यानें वाई, पसरणीचा घाट व पांचगणी करीत वर यावें, असा प्रघात पडला. नंतर वाठार स्टेशन झाल्यावर तेथूनहि टांगे सुटूं लागले. समुद्राकडील वाट ओस पडली नाहीं, पण तिचा मान गेला. त्या बाजूस मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांच्या नांवानें नवा गाडीरस्ता झाला. आजचा आंबेनळी घाट तो हाच. तो झाल्यावर रडतोंडीची वाट गुराख्यांसाठीं व गिरिभ्रमण करणाऱ्यांसाठीं उरली. टांगे गेले, मोटारी आल्या, आणि महाबळेश्वर ते पोलादपूर हें सुमारें चाळीस किलोमीटरांचें अंतर दीड-दोन तासांचें झालें. बाणकोटच्या खाडीवर तर बागमांडलें व वेशवी यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी बोटहि चालते.

अंतर कमी झालें, पण पाऊस कमी झाला नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीस पूर आला आणि महाडजवळचा १९२८ सालीं बांधलेला दगडी पूल वाहून गेला, त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांतील सहकारी स्नेही सहलीसाठीं महाबळेश्वरास निघाले असतां त्यांची बस आंबेनळी घाटांत खोल दरींत कोसळली. तीस जण प्राणांस मुकले, एकच वाचला. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरीं एका चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक पाऊस कोसळला. आंबेनळी घाट ठिकठिकाणीं खचला, महाड शहर पाण्याखालीं गेलें आणि महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड येऊन भरल्या घरांची वस्ती मातींत गडप झाली.

या दुर्घटनांचीं कारणें निरनिराळीं आहेत, आणि मेलेल्यांस दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. पूल जुना होता, घाट अरुंद आहे, डोंगराची माती भिजून सैल होते. या गोष्टी पाहणें हें राज्यकर्त्यांचें व बांधकाम करणाऱ्यांचें कर्तव्य आहे. तथापि पूर्वींच्या प्रवाशांजवळ एक शहाणपण होतें, तें आज विरळ झालें आहे. त्यांना वेग ठाऊक नव्हता, म्हणून वाट पाहणें ठाऊक होतें. भरती येईपर्यंत दासगांवास थांबण्यांत त्यांना कमीपणा वाटत नसे, आणि मृगाचे ढग दिसतांच तंबूच्या दोऱ्या सोडण्यांतहि वाटत नसे. पक्क्या सडकेमुळें मनुष्यास वाटूं लागतें कीं घाट बाराहि महिने आपला आहे. सडक सरकारची असेल. उतार मात्र पाण्याचा आहे.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ही वाट फार सुंदर असते. पारच्या पुलाखालीं कोयनेचें पाणी निवळलेलें असतें, प्रतापगडाचे बुरूज उन्हांत स्वच्छ दिसतात, आणि बॉम्बे पॉइंटावरून हवा निर्मळ असेल तर सूर्यास्ताच्या वेळीं दूर समुद्राची रेघ चमकते. अशा दिवसांत चार मित्रांनीं अवश्य निघावें. पार गांवच्या एखाद्या वृद्धास विचारून तंबूची जागा निवडावी, रडतोंडीचा थोडा तरी भाग पायीं उतरावा, आणि ज्यांच्या खांद्यांवरून ही वाट दोनशे वर्षें चढली-उतरली त्या अनाम भोयांची व हमालांची त्या चढणीवर आठवण करावी. आणि गांवकरी जर म्हणाले, “आज घाटांत जाऊं नका, आभाळ बरें दिसत नाहीं,” तर त्यांचा शब्द मानून मुक्काम एक दिवस वाढवावा.