घरांतील ऊन पाण्याची जागा

जुन्या घरांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा चौकांतूनच परत फिरतात. सदर, देवघर, तुळशीवृंदावन, भिंतींतलीं बळदें, अंगणांतलीं पेवें ह्यांचीं वर्णनें हवीं तितकीं मिळतात. परंतु त्या घरांतल्या माणसांच्या अंघोळीचें पाणी कोठें तापत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक घराची मागची बाजू ज्या गोष्टींनीं ठरते, त्यांत ही एक प्रमुख आहे. अग्नि, पाणी, धूर आणि उघडें अंग ह्या चार गोष्टी एकमेकींशेजारीं कशा नांदवावयाच्या, याचा निर्णय घर बांधणाऱ्याला आधीं करावा लागतो. मागाहून तो फिरविणें महाग पडतें, आणि क्वचित् प्राणावरही बेततें.

थंड देशांत हा प्रश्न निराळ्या रूपानें येतो. तेथें बॉयलर हवा तो सारें घर ऊबदार ठेवण्यासाठीं. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढतें, आणि निवलेलें पाणी खालीं उतरतें. म्हणून पंपाचा उपयोग सुरू होण्यापूर्वीं इंग्लंड-अमेरिकेंतील बॉयलर तळघरांतच बसविणें सोयीचें होतें. जागा ठरविणारा मालक नव्हे, निसर्गाचा नियम होता. परभणी जिल्ह्यांत घर तापविण्याची गरज कोणाला? मे महिन्यांत पारा चाळिसांच्या पुढें जातो, तेव्हां उलट घर निववावें कसें ही चिंता. पण ह्याच जिल्ह्यांत पौषांत पहांटे पारा दहाच्या खालीं उतरतो, आणि एखाद्या वर्षीं चार-पांच अंशांपर्यंतही जातो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्यांच्या काळ्या मोकळ्या रानांत राहणाऱ्याला ही थंडी चांगलीच जाणवते. तेव्हां आपल्याकडचा प्रश्न घराच्या उबेचा नाहीं, हंडाभर ऊन पाण्याचा आहे.

शेतकऱ्याच्या घरीं ह्याचें उत्तर चुलींतच असे. चुलीच्या अंगाला वैल जोडलेला असतो. मुख्य चुलींतला जाळ तव्याखालून निघून वैलाकडे वळतो, आणि भाकरी भाजून होईपर्यंत वैलावरचें पाणी कढत झालेलें असतें. वाया जाणाऱ्या उष्णतेचा याहून सोपा उपयोग कोणीं शोधला असेल असें मला वाटत नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी घरांतून स्वयंपाकाच्या शेगडीच्या पाठीमागें पाण्याची टांकी बसवूं लागले, त्यांतली युक्ति मुळांत हीच.

मग सर्वच घरांत वैलावर कां भागलें नाहीं? ह्याचें कारण सोवळ्यांत आहे. ज्या घरीं अंघोळ केल्यावांचून स्वयंपाकघरांत पाऊल टाकावयाचें नाहीं, त्या घरीं अंघोळीचें पाणी स्वयंपाकाच्या चुलीवर तापणार कसें? पहिली अंघोळ करणारी बाईच तेथें जाऊं शकत नाहीं! म्हणून अशा घरांना दुसरा अग्नि हवा, आणि तो स्वयंपाकघराच्या बाहेर हवा. परसांतलें चुलाण ह्या अडचणींतून जन्मास आलें. दगड-मातीचें, गुडघ्याइतकें उंच, वर तांब्याचा हंडा, खालीं तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीचीं धसकटें आणि गोवऱ्या. आचाराचा नियम म्हणून जें आलें, त्यानें नकळत एक हिताची गोष्टही घडविली: पाणी तापविण्याचा धूर माणसें झोंपतात त्या खोलीपासून दूर गेला.

दिशेचा विचार शास्त्रकारांनीं केला होताच. सहाव्या शतकांतल्या वराहमिहिरानें बृहत्संहितेंत देवघर ईशान्येस आणि स्वयंपाकघर आग्नेयेस सांगितलें आहे. आग्नेय ही अग्नीची दिशा, एवढेंच कारण देऊन पुष्कळ लोक थांबतात. मला ह्यांत वाऱ्याचाही भाग दिसतो. मराठवाड्यांत पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. तेव्हां पूर्वेच्या बाजूस असलेल्या चुलीचा धूर आणि ठिणग्या घरावर न येतां बाहेर जातात. परंतु हिंवाळ्यांत वारा फिरतो. तो मंदपणें पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येऊं लागला म्हणजे आग्नेयेचा धूर घरांत शिरणारच. आणि पाणी तापविण्याची गरज नेमकी ह्याच दिवसांत! पूर्वाभिमुख घराचें परस पश्चिमेला पडतें, आणि पश्चिमेच्या परसांतलें चुलाण हिंवाळी वाऱ्याला बरोबर पाठीमागें सांपडतें. ग्रंथांतल्या आग्नेयेपेक्षां परसांतली ही पश्चिम अंघोळीच्या पाण्याला अधिक मानवते, असें माझें मत आहे. ज्यांनीं घरें बांधलीं, ते गवंडी हें ग्रंथ न वाचतांच जाणत असावेत.

ह्या भागांतल्या घरांचें छप्परही विचारांत घेतलें पाहिजे. कोंकणांतल्या उतरत्या कौलांतून धूर फटीफटींनीं निघून जातो. मराठवाड्याचें माळवद म्हणजे लांकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. तें उन्हाळ्यांत घर गार ठेवतें, पण धुराला वाट देत नाहीं. त्याच्यासाठीं वर मुद्दाम भोक ठेवावें लागतें, आणि पावसांत तें झांकावें लागतें. अशा छपराखालीं दोन-दोन अग्नि पेटविणें म्हणजे डोळे गमावणें.

आगीची जागा ठरवितांना पाण्याची जागा विसरून चालत नाहीं. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि. त्यांच्या नांवावर चालत आलेल्या एका अभंगांत जनी न्हावयास बसते आणि विसणाला पाणी नसतें, असा प्रसंग आहे. मग तें पाणी आणण्याचें काम साक्षात् विठ्ठल करतो. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून ह्या प्रसंगाकडे घरगुती दृष्टीनें पाहावें. ऊन पाणी तयार आहे. अडलें आहे तें त्यांत घालावयाच्या थंड पाण्यासाठीं. म्हणजे अग्नि जवळ होता, आड किंवा नदी लांब होती. ज्याच्या वाड्यांत आड होता, तो चुलाण आणि न्हाणी आडाजवळ करी, आणि न्हाणीचें सांडपाणी केळीला किंवा अळूला सोडी. ज्याच्या दारीं आड नव्हता, त्याच्या घरच्या बायकांच्या डोक्यावरच सारी सोय अवलंबून असे. विसण हा शब्द आतां शहरांतल्या मुलांना सांगून समजवावा लागतो. पण ज्या भाषेला ऊन पाण्यांत मिसळावयाच्या थंड पाण्यासाठीं स्वतंत्र शब्द लागला, त्या भाषेच्या लोकांनीं पाणी किती मोजून वापरलें असेल!

राजेरजवाड्यांची रीत निराळी होती. प्राचीन रोमचा वास्तुकार व्हित्रूव्हिअस स्नानगृहाविषयीं लिहितांना सांगतो कीं, भट्टी एकच असावी, तिच्यावर कढत, कोमट आणि गार अशा पाण्याचीं काशाचीं तीन पात्रें बसवावीं, आणि कढत पाण्यांतून जितकें खर्च होईल तितकेंच कोमटांतून त्यांत यावें. ऊन खोल्यांना प्रकाश नैर्ऋत्येकडून घ्यावा असेंही तो म्हणतो, कारण रोमन लोक दुपारनंतर स्नान करीत. पहांटे स्नान करणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम उलटाच लागू पडेल. ह्या स्नानगृहांत जाळ खोलीच्या बाहेरच्या बाजूनें घालीत, आणि त्याचा ताव पोकळ जमिनीखालून आंत फिरे. हीच विद्या पश्चिम आशियांतून फिरत हमामाच्या रूपानें हिंदुस्थानांत आली. तापीकांठच्या बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यांत, ज्या शहरीं मुमताजमहल १६३१ सालीं वारली तेथें, रंगीत नक्षीच्या छताचा असा एक हमाम अजून पाहावयास मिळतो. स्नानगृहाशेजारची बैठक बादशहांना इतकी सोयीची वाटली कीं, मोंगल दरबारांत दिवाण-इ-खासालाच गुसलखाना हें नांव पडलें. १६६६ च्या मे महिन्यांत आग्र्यास शिवाजीमहाराजांची आणि औरंगजेबाची भेट ह्याच गुसलखान्यांत झाली, आणि कवि भूषणाच्या काव्यांतही तो आला आहे. मराठ्यांच्या इतिहासांतला एवढा मोठा प्रसंग न्हाणीघराच्या नांवानें ओळखला जावा, ही गंमत खरी.

हमामांतली मुख्य गोष्ट तिची शोभा नव्हे. जाळणारा एकीकडे, न्हाणारा दुसरीकडे, मध्यें भिंत, हें तिचें तत्त्व. परसांतल्या चुलाणाचेंही तेंच होतें. ह्या तत्त्वाला धक्का दिला तो तांब्याच्या बंबानें.

बंब हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला असें मानतात. आग विझविणाऱ्या यंत्रालाही आपण तोच शब्द लावतों, हें थोडें चमत्कारिक आहे. पुण्याच्या कसबा पेठेजवळच्या तांबट आळींतल्या कारागिरांनीं ठोकून घडविलेले बंब प्रसिद्ध होते. मधोमध एक उभी नळी, तिच्या तळाशीं जाळी, नळींत निखारे, भोंवतीं पाणी, आणि बाजूला तोटी. जाळ पाण्याच्या पोटांतच असल्यामुळें जळण थोडें लागतें. त्यासाठीं लांकडाचे जे बारीक तुकडे करीत, त्यांना बंबफोड असें नांवच पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग परभणीवरून सुरू झाला, तेव्हां निजामाच्या राज्यांतल्या ह्या भागांत बाहेरचीं भांडीं आणणें सोपें झालें. बॉयलर हा शब्दही येथल्या लोकांच्या कानीं पडला तो आगगाडीमुळें आणि सरकी काढण्याच्या कारखान्यांमुळें. दोन्हींचें काम निराळें आहे हें मात्र सांगितलें पाहिजे. बॉयलर बंद असतो आणि वाफ कोंडून धरतो. म्हणून १९२३ सालीं त्याच्यासाठीं ब्रिटिश हिंदुस्थानांत स्वतंत्र कायदा करावा लागला. बंबाचें तोंड उघडें, त्यांत वाफ कोंडत नाहीं, म्हणून तो फुटण्याचें भय नाहीं.

भय होतें तें दुसरेंच. चुलाण जागेवरून हलत नसे. बंबाला कड्या असतात. पाऊस आला, थंडी वाजली, कीं दोघांनीं तो उचलून न्हाणींत आणून ठेवावयाचा. दिवाळींत नरकचतुर्दशीच्या पहांटे, हळदकुंकू लावलेला बंब न्हाणींत धगधगत असतांना मुलांना केवढा आनंद होई! परंतु भिंतीपलीकडचा अग्नि ह्यामुळें भिंतीच्या अलीकडे आला. जुन्या न्हाण्यांना दार म्हणजे बहुधा पडदा, आणि वरची बाजू मोकळी. म्हणून फारसें बिघडलें नाहीं.

बाळंतिणीच्या खोलीचें मात्र तसें नव्हतें. परभणीसारख्या प्रदेशांत खऱ्या अर्थानें तापविली जाणारी खोली हीच एक. बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी, तिच्यांत ओवा आणि बाळंतशेपा ह्यांची धुरी, आणि वारा लागूं नये म्हणून फटींतून कोंबलेल्या चिंध्या. माया खरी, पण जागा चुकलेली. निखाऱ्याला हवा पुरेशी मिळाली नाहीं म्हणजे त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतल्या तांबड्या द्रव्याला प्राणवायूहून दोनशेंपटींपेक्षां अधिक बळानें चिकटतो, हें आज ठाऊक आहे. रक्तांतल्या प्राणवायूची जागा तो बळकावतो, हें फ्रान्समध्यें क्लोद बर्नार यानें १८५७ च्या सुमारास उलगडून दाखविलें. माणूस गुदमरत नाहीं. त्याला झोंप येते. बाळंतिणीच्या खोलीतल्या अशा झोंपेला आपल्याकडे कोणकोणतीं नांवें दिलीं गेलीं, कोणाकोणाच्या दृष्टीचा आणि कोणत्या बाधेचा दोष काढला गेला, ह्याचा हिशेब कोणत्याच दप्तरांत नाहीं.

विलायतेंतही हा धडा सुखासुखी मिळालेला नाहीं. लंडनचा बेंजामिन वॉडी मॉगन ह्यानें १८६८ सालीं गॅसवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलंडमधल्या उसळत्या झऱ्यावरून त्याला गीझर हें नांव दिलें. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. जळलेला वायु न्हाणाऱ्याच्या खोलींतच राही. पुढें अमेरिकेंत एडविन रूड यानें १८८९ च्या सुमारास पाणी सांठवून आपोआप तापविणारें यंत्र तयार केलें, आणि धुराड्याची आवश्यकता हळूहळू सर्वांना पटली. इतकें होऊनही आज आपल्या शहरांतून गॅसचा गीझर चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीघरांत, खिडकीला कांच लावून, बसविलेला आढळतो. आणि दर हिंवाळ्यांत बंद दाराआड कोणी तरी गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. गीझर बाहेरच्या गॅलरींत बसवून नळ तेवढा आंत घ्यावा, ह्याला फार तर दहा-बारा फूट नळी जास्त लागते. पण भिंतीला भोक पाडावें लागेल, फरशी खराब दिसेल, असल्या कारणांसाठीं तें टळतें. विजेच्या गीझरांत जाळ नाहीं, त्यामुळें हें संकटही नाहीं. मात्र वीज आणि ओलें अंग ह्यांचें वैर सांभाळावें लागतें.

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथल्या नव्या घरांनीं अलीकडे निराळाच मार्ग धरला आहे. अग्नि परसांतून उठून गच्चीवर गेला. सूर्यावर पाणी तापविणाऱ्या यंत्राचें तोंड दक्षिणेकडे करावें लागतें, कारण हें शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें सव्वाएकोणीस अंशांवर आहे. आणि तापलेलें पाणी वर चढतें ह्या त्याच जुन्या नियमानें टांकी कांचनळ्यांच्या वर ठेवावी लागते. जळण नाहीं, धूर नाहीं, पहांटे उठून फुंकर घालणारी सून नाहीं. अडचण एकच उरते. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत येणाऱ्या नळींत रात्रभर पाणी निवलेलें असतें, आणि ऊन पाणी येण्यापूर्वीं तें बादलीभर थंड पाणी सोडून द्यावें लागतें. न्हाणी टांकीच्या बरोबर खालीं घेतली, नळी आंखूड ठेवली आणि तिला आवरण घातलें, तर हा तोटा पुष्कळ कमी होतो. पण घराचा नकाशा काढतांना हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. ज्यांच्या घरीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, त्या गृहिणी तें पहिलें पाणी मोरींत जाऊं देत नाहींत. बादलींत धरून विसणाला ठेवतात.