चप्पल, आरती आणि वेदी: बंगळूरमधून सुरू झालेला एक उपासना-वाद

देवासमोर जाताना काय काढायचे, चप्पल की टोपी? युरोपातल्या चर्चमध्ये पुरुष टोपी काढून आत शिरतो, बूट मात्र पायातच असतात. आपल्याकडे डोक्यावर पागोटे चालते, पण पायताण उंबरठ्याबाहेर राहते. भाव एकच, खुणा मात्र उलट्या. मग भारतातल्या ख्रिस्ती माणसाने कोणती खूण पाळायची? हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्यावरून आपल्या देशात मोठे वाद झाले आहेत.

आधी थोडे मागे जाऊ. इंग्लंडमधून 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच गोव्यात 1736 मध्ये इन्क्विझिशनने हुकूम काढून ख्रिस्ती लोकांना अंगणात तुळस लावण्यास आणि धोतर, चोळी असा स्थानिक वेश करण्यास बंदी केली. ओवी चालली, तुळस नाही. श्रद्धा शुद्ध ठेवायची म्हणजे शेजाऱ्यांपासून वेगळे दिसायचे, ही समजूत त्या हुकुमामागे होती. पुढे अहमदनगरच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळींनी कीर्तन उचलले आणि 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर भजने रचली. मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात.

कॅथलिक चर्चमध्ये हा बदल उशिरा आला. 1960 च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि स्थानिक भाषा व रीतींना वाट मोकळी झाली. भारतात त्या वाटेवरचे मुख्य ठाणे ठरले बंगळूर. बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांसाठीचे राष्ट्रीय केंद्र इथे 1967 मध्ये स्थापन झाले. त्याचे संस्थापक फादर डी. एस. अमलोरपवदास. (हे लांबलचक नाव परीक्षेत चुकवू नका, त्यांचे भाऊ डी. सायमन लूर्दुस्वामी पुढे बंगळूरचे आर्चबिशप झाले.)

25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना संमती दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात डोळ्यांना लावणे, धूप, फुले आणि आरती. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. यात नवा सिद्धांत एकही नाही, सगळ्या शरीराच्या हालचाली आहेत. आदर शरीरातून व्यक्त होतो आणि शरीराला तो घरातच शिकवलेला असतो, हे यादी करणाऱ्यांनी ओळखले होते.

तरीही विरोध झाला, आणि तो बऱ्याच अंशी खुद्द भारतीय कॅथलिकांकडूनच. एका गटाला ही चर्च हिंदू करण्याची चाल वाटली. ज्या घरांत चार-पाच पिढ्या गुडघे टेकून प्रार्थना झाली, त्यांच्यासाठी गुडघे टेकणे हाच ‘आपला’ संस्कार होता. तो परका आहे हे त्यांना समितीकडून ऐकायचे नव्हते. मला त्यांची बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. हिंदू ग्रंथांतील उतारे मिस्सेत वाचण्याचे प्रयोगही सुरू झाले होते. 1975 मध्ये रोमने ते थांबवायला सांगितले.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. एप्रिल 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी शूद्र धर्मचिंतनाची गरज मांडणारे भाषण केले. भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी परंपरेकडे पाहत राहिले आणि चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचा अनुभव त्यातून सुटला, असे त्यांचे म्हणणे होते. ते बोलत होते धर्मचिंतनाबद्दल, पण तोच प्रश्न उपासनेला लावून पाहा. ज्याच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्याला पंचारती पाहून काय आठवेल? एकाला घर आठवते, दुसऱ्याला बंद दरवाजा. ‘भारतीय रीत’ म्हणताना कोणाचा भारत, हे बारा मुद्द्यांत विचारलेले नव्हते.

माझा विषय अभियांत्रिकी, म्हणून एक अवांतर उदाहरण. आमच्या जुन्या संगणक प्रयोगशाळेत चपला बाहेर काढाव्या लागत, कारण धूळ. तिथे कोणाच्या मनात भक्ती नव्हती. तीच कृती शेजारच्या देवळात नमस्कार ठरते. म्हणून इतिहास वाचताना नुसती कृती नोंदवू नका. ती कोण करतो, कुठे करतो आणि त्याला कोणी शिकवली, हेही लिहून ठेवा.

बंगळूरला आलात तर शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात जा, शक्यतो 29 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर या सणाच्या दिवसांत. भगव्या कपड्यांतले भाविक दिसतील, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतील. आणि मरियेच्या मूर्तीला नेसवलेली साडी दिसेल. बारा मुद्द्यांत साडीचा उल्लेख नाही. तिला परवानगी कोणी दिली, असे त्या गर्दीत विचारणारा मला अजून भेटलेला नाही.