लग्नाचं कर्ज, जन्माची चाकरी

धरमपेठेत आमच्या बचत गटाची बैठक भरली, की आधी वही उघडते. कोणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, किती राहिलं, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, असा आमचा नियम आहे. एकदा वही वाचून झाल्यावर गटातल्या आजी म्हणाल्या, "माझे बाबा सालदार होते. साल संपे, पण कर्ज संपत नसे. वही मालकाजवळ, अन् बाबांना वाचता येत नव्हतं." आम्ही म्हटलं, "आजी, पुढच्या बैठकीत हे सारं मोबाइलवर रेकॉर्ड करू." पुढच्या वेळी बँकेचं काम निघालं, मग दिवाळी आली. दिवाळीनंतर आजी राहिल्या नाहीत. आमच्याजवळ त्यांची तेवढी तीन वाक्यं उरली.

अशी माणसं आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ होती. आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडं, वारली आदिवासींत 'लग्नगडी' असत. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्याकडं राबायचं. कित्येकांचा जन्म सरला, पण कर्ज सरलं नाही. कागदावर ते नुसतं कर्ज दिसे, खरी तर ती गुलामीच होती.

गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव या वारल्यांमध्ये काम करू लागले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. गोदावरीबाईंनी पाहिलेलं, ऐकलेलं पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारीविरुद्धचा देशाचा कायदा आला १९७६ मध्ये. बाईंनी लिहून ठेवलं नसतं, तर लग्नगडी म्हणजे काय, हे आज आपल्याला कोणी सांगितलं असतं?

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. तिथं १९३६ ते १९३८ या काळात सरकारनं माणसं पाठवून, पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. गुलामीत ती बहुतेक लहान मुलं होती. आणखी दहा वर्षं थांबले असते, तर सांगणारे फार थोडे उरले असते. पण विचारणारे बहुतेक गोरे होते. त्यांच्यासमोर पुष्कळांनी जपून शब्द काढले. म्हणजे कोण विचारतं, यालाही महत्त्व आहे.

म्हणून मैत्रिणींनो, हे काम परक्यावर सोडू नका. सासू, आई, शेजारच्या आजी यांच्याजवळ बसा. कर्ज कशासाठी घेतलं होतं? वही कोणाजवळ होती? खायला काय मिळे? सुटका कशी झाली? एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. त्यांचे शब्द सुधारू नका. नाव सांगायचं नसेल, तर आग्रह धरू नका.

आमच्या गटानं आता दुसरी वही घातली आहे. पहिल्या पानावर आजींची तीन वाक्यं आहेत. पुढची पानं कोरी आहेत. ती भरायला उद्यावर टाकू नका. आम्ही टाकलं होतं.